घाटाखालचा बंगला: गृहस्थाच्या त्यागाचा प्रश्न

धर्मासाठी घरदार सोडणाऱ्या माणसाविषयी सगळ्याच परंपरांनी भरपूर लिहून ठेवले आहे. धर्मासाठी घरदार बरोबर घेऊन परमुलखात जाणाऱ्या माणसाविषयी मात्र फारसे नाही. संन्यासी, भिक्षू, फकीर किंवा जेझुइट पाद्री यांचा हिशेब तसा सरळ असतो. पाणी बाधले तर त्यांना बाधते, ऊन लागले तर त्यांना लागते. बायको, दोन मुले आणि एक पाळणा घेऊन जो उतरतो, त्याच्या निष्ठेची किंमत घरातली इतर माणसेही मोजतात, आणि त्यातल्या सर्वांत लहानांना कोणी विचारलेले नसते. असा त्याग कोणाचा धरायचा, आणि तो करण्याचा अधिकार कोणाला, हा नीतिशास्त्राचा तसाच धर्मशास्त्राचाही प्रश्न आहे. बुलढाणा जिल्ह्यात तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेहून आलेल्या मिशनरी कुटुंबांच्या रूपाने उभा राहिला.

ही कुटुंबे ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ या संस्थेची. ए. बी. सिम्प्सन या धर्मोपदेशकाने १८८७ साली अमेरिकेत स्थापन केलेल्या दोन संघटनांच्या १८९७ मधील विलीनीकरणातून ती आकाराला आली. वऱ्हाडात अकोला हे तिचे मुख्य ठाणे. बुलढाणा जिल्ह्यात खामगाव, मलकापूर आणि खुद्द बुलढाणा येथे तिचे काम चाले. ठरलेल्या पगाराची हमी नसे, जमतील त्या देणग्यांतून भत्ता मिळे. परमेश्वर पुरवील या भरवशावरच समुद्र ओलांडायचा, असा हा मार्ग होता.

कुटुंब कुठे उतरते यावर बरेच काही ठरे, कारण जिल्ह्याचे दोन भाग अगदी निराळे. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार. घाटाखाली पूर्णेच्या काळ्या मातीचा पट्टा, म्हणजे मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव. बुलढाणा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून उंच असल्याने उन्हाळा तिथे सोसवतो. इंग्रजांनी जिल्ह्याची कचेरी तिथे ठेवली त्यात हवेचा वाटा मोठा होता. मिशनला लोकवस्ती हवी, बाजार हवा, आगगाडी हवी. ते सगळे घाटाखाली. १८७० साली जलंब ते खामगाव हा लोहमार्गाचा फाटा खास कापसासाठी सुरू झाला होता आणि खामगावची कापसाची पेठ देशभर नाव कमावून होती. त्यामुळे हवा पाहून घर बांधायचे की माणसे पाहून, या पहिल्याच निवडीत मुलांची प्रकृती एका पारड्यात आणि काम दुसऱ्या पारड्यात पडे.

घाटाखाली मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो. जाड भिंती, चहूबाजूंनी ओसरी, उंच छत, दारांना वाळ्याचे ताटवे. भिस्त्याने पखालीतून आणलेले पाणी दुपारभर त्या ताटव्यांवर मारत राहायचे, म्हणजे आत येणारा वारा जरा निवे. प्यायचे पाणी उकळून घ्यायचे, दूध उकळून घ्यायचे, मुलांना टोपीशिवाय बाहेर सोडायचे नाही. हिवाळ्यात तंबू बंडीवर लादून आणि माणसे दमणीत बसवून खेडोपाडी दौरा. पावसाळ्यात काळ्या मातीत चाके रुतली की सगळे बंद. यातली बरीचशी खबरदारी चैनीसाठी नव्हती, जीव वाचवण्यासाठी होती. परंतु रस्त्यावरून जाणाऱ्याला बंगला दिसे, उकळलेले पाणी दिसत नसे.

नोकरांचेही तसेच. अमेरिकेत ज्यांच्या घरी आई स्वतः भांडी घाशी, त्यांच्या दारी इथे खानसामा, भिस्ती, धोबी, माळी, आया आणि झाडूवाला अशी रांग लागे. कामे जातीजातींत वाटलेली होती. पाणी भरणारा झाडू धरणार नाही आणि झाडणाऱ्याच्या हातचे पाणी दुसरा पिणार नाही. समतेचा उपदेश करायला आलेल्या कुटुंबाचा संसार जातींच्या श्रमविभागणीवर चाले. ही विसंगती काहींना बोचली, काही सरावले. सरावण्याची ही क्रिया फार हळू होते आणि म्हणूनच ती धोक्याची. दहा वर्षांनी सुटीवर मायदेशी गेलेल्या कुटुंबाला आपल्याच माणसांत अवघडल्यासारखे होई, ते बव्हंशी याच कारणाने.

शेजाऱ्यांना हे कुटुंब कोण वाटले असेल? वऱ्हाडात धर्मपुरुषाची ओळख पटवण्याच्या खुणा आधीच ठरलेल्या होत्या. शेगावला १८७८ साली गजानन महाराज प्रकट झाले आणि १९१० साली त्यांनी समाधी घेतली. म्हणजे खामगावात मिशनचा संसार मांडला जात होता, तेव्हा काही कोसांवर एक विदेही पुरुष अंगावर वस्त्राची फिकीर न करता, मिळेल ते खात, चिलीम ओढत बसलेला होता आणि माणसांची रीघ त्याच्याकडे लागली होती. त्याआधी सहाशे वर्षे मेहकर, लोणार या परिसरात चक्रधरस्वामी फिरले. तेही बाहेरचेच. महानुभाव परंपरेप्रमाणे ते गुजरातेतल्या भडोचच्या प्रधानाचे पुत्र, रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून घराबाहेर पडलेले, आणि मागे पत्नी व मूल ठेवून आलेले. मराठी मुलखाने त्यांना परका मानले नाही, कारण त्यांनी इथली भाषा घेतली आणि संसार टाकला. वऱ्हाडी शेतकऱ्याच्या लेखी देवाचा माणूस तो, ज्याच्यापाशी काही नाही. बंगला, घोडा, मडम आणि बाबा लोक असलेला माणूस हा साहेब. मग त्याच्या हाती बायबल असो की जमाबंदीचे कागद. १८५३ पासून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात असल्याने गोरा रंग आणि सत्ता यांची सांगड आधीच बसलेली होती, आणि अमेरिकन असणे म्हणजे इंग्रज नसणे हा भेद बाजारात कोणी करत नसे.

मिशनऱ्यांना हे कळत नव्हते असे नाही. १६०६ साली मदुरेला आलेल्या रॉबर्ट दी नोबिली या जेझुइटाने ब्राह्मण संन्याशाची राहणी पत्करली होती, पण तो ब्रह्मचारी होता. प्रॉटेस्टंटांमध्ये हाच प्रयोग साल्व्हेशन आर्मीने केला. सनदी नोकरी सोडलेले फ्रेडरिक टकर १८८२ साली मुंबईत उतरले. भगवी वस्त्रे, अनवाणी पाय, भिक्षेचे अन्न आणि फकीरसिंग हे नाव त्यांनी घेतले. १८८८ मध्ये त्यांनी आर्मीचे संस्थापक विल्यम बूथ यांची कन्या एमा हिच्याशी लग्न केले आणि तीही भारतात त्याच राहणीत शिरली. तिची प्रकृती ढासळली आणि १८९१ मध्ये दोघांना इंग्लंडला परतावे लागले. फकिरी एकट्याला पेलते, पाळण्याला पेलत नाही, एवढे यातून कळते. फकिरी खोटी होती असे मात्र ठरत नाही.

प्रॉटेस्टंट विचारात कुटुंब बरोबर नेण्याला स्वतंत्र समर्थन होते. ल्यूथरने लग्न केल्यापासून धर्मोपदेशकाचे घर हेच प्रवचन मानले गेले: नवरा-बायको एका टेबलाशी जेवतात, मुलगी शिकते, विधवा झालेली सून टाकली जात नाही, हे शेजाऱ्यांनी पाहावे. अकोल्याच्या जेनी फुलर यांनी भारतीय स्त्रियांच्या दुःस्थितीवर लिहिलेले पुस्तक १९०० साली पंडिता रमाबाईंच्या प्रस्तावनेसह निघाले, आणि त्याच वर्षी फुलर वारल्या. एकट्या पुरुषाला माजघरात पाऊल ठेवता आले नसते. तिथली माहिती बाईलाच मिळे. या समर्थनात तथ्य आहे. मात्र त्यात कुटुंब हे साधन होते, आणि साधन झालेल्या माणसाचे स्वतःचे काय, हा भाग सैल राहतो. पत्नीने निदान लग्न करताना हो म्हटलेले असे. मुलांचे तसे नव्हते.

मुलांचा प्रश्न दोन ठिकाणी टोकाला जाई. पहिले ठिकाण आजारपण. येशू हा तारणारा, पवित्र करणारा, बरे करणारा आणि पुन्हा येणारा राजा, अशी सिम्प्सन यांची चौपदरी शिकवण होती. त्यांनी औषधावर बंदी घातली नव्हती, पण औषधाविना केवळ देवावर विसंबणे ही वरची पायरी, अशी हवा या पंथात होती. हिवतापाच्या मुलखात हे तत्त्व चर्चेपुरते राहत नाही. प्रौढ माणसाने स्वतः क्विनीन नाकारले तर ती त्याची श्रद्धा. तापाने फणफणलेल्या तीन वर्षांच्या मुलासाठी ते बापाने नाकारले तर तिला दुसरे नाव द्यावे लागेल. धर्मस्वातंत्र्याची मर्यादा इतकी स्पष्ट क्वचितच दिसते.

दुसरे ठिकाण शाळा. आयेच्या कडेवर वाढलेली मुले आई-बापांपेक्षा चांगली वऱ्हाडी बोलत. बापाने मोल्सवर्थच्या कोशावरून घासूनपुसून शिकलेल्या मराठीला बाजारात जो मान नव्हता, तो पोराच्या ‘मले’ आणि ‘तुले’ला सहज मिळे. नेमकी हीच गोष्ट आई-बापांना घाबरवी. मूल इथले होऊ नये म्हणून त्याला दूर धाडायचे, आणि आपण मात्र इथले व्हायला धडपडायचे, असा हा उलटा व्यवहार. मराठी मुलखातला त्याचा एक जुना दाखला १८१३ साली मुंबईत आलेल्या गॉर्डन हॉल यांचा. १८२५ मध्ये त्यांची पत्नी दोन्ही मुलांना घेऊन अमेरिकेला निघाली. एक मुलगा वाटेतच दगावला, आणि पुढच्याच वर्षी नाशिककडच्या दौऱ्यात हॉल पटकीने वारले. मुलांना मायदेशी ठेवून येणे ही केवळ मिशनऱ्यांची रीत नव्हती; १८७१ मध्ये मुंबईहून इंग्लंडला परक्या घरी ठेवलेल्या पाच वर्षांच्या रडयार्ड किपलिंगने त्या वर्षांची कडवट आठवण पुढे कथेत लिहिली. लंढौरची वुडस्टॉक शाळा १८५४ पासून होती, कोडाईकॅनॉलची १९०१ मध्ये निघाली. तेव्हा सात समुद्रांऐवजी दोन-तीन दिवसांच्या आगगाडीचे अंतर उरले. तरी वर्षातले बरेच महिने मूल आई-बापांपासून लांबच.

मराठी वाचकाला या पेचाची कथा परदेशातून आणण्याची गरज नाही. विठ्ठलपंतांनी रुक्मिणीला मागे ठेवून काशीत संन्यास घेतला, गुरूंनी त्यांना परत संसारात धाडले, आणि त्या दोन्ही निर्णयांची शिक्षा निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई यांनी भोगली. परंपरा मुलांच्या थोरवीने दिपून जाते, म्हणून बापाचा प्रश्न तिने पुरता विचारलेला नाही. बौद्ध विनयात तो अधिक थेट आला आहे: बुद्धाने लहानग्या राहुलाला संघात घेतले, तेव्हा शुद्धोदनाने दुःखी होऊन मागणी केली, आणि आई-बापांच्या संमतीवाचून कोणा मुलाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला. मनूने वानप्रस्थासाठी नातवाचे तोंड पाहण्याची अट घातली, त्यामागेही हाच विचार असावा: जबाबदारी फिटल्यावर निघा. म्हणजे भारतीय परंपरेत गृहस्थाला त्याग करता येतो, पण क्रमाने. मिशनरी कुटुंबाने हा क्रमच मोडला. त्याने त्याग आणि संगोपन एकाच वेळी मांडले.

खामगावात या प्रश्नाला दुसरी बाजू होती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी वऱ्हाड होरपळले. अलायन्सने खामगावला मुलींचा आणि अकोल्याला मुलग्यांचा अनाथाश्रम चालवला. ज्या बंगल्यातून स्वतःची मुले दूर शाळेत जात, त्याच आवारात परक्यांची मुले जेवत, शिकत आणि ख्रिस्ती होत. मुलींना अन्न मिळाले, अक्षरे मिळाली, जीव वाचला, हे खरे. धर्म मात्र त्यांनीही निवडला नव्हता. भुकेल्या मुलाला दिलेल्या घासाबरोबर श्रद्धाही द्यावी का, या वादात मिशनचे टीकाकार मुलांच्या संमतीवर बोट ठेवतात आणि ते योग्यच आहे. तेच बोट मिशनऱ्याच्या स्वतःच्या मुलांकडेही वळते, हे दोन्ही पक्षांच्या ध्यानात क्वचित आले.

या पेचातून निघालेल्यांत सॅम्युअल स्टोक्स यांची वाट सर्वांत सरळ म्हणावी लागेल. हा अमेरिकन तरुण १९०४ मध्ये आला, कुष्ठरोग्यांची सेवा केली, काही काळ ख्रिस्ती साधूसारखा फिरला, आणि १९१२ मध्ये सिमल्याजवळ कोटगढला एका पहाडी ख्रिस्ती मुलीशी लग्न करून तिथेच शेतकरी झाला. परतीचा रस्ता त्याने स्वतःपुरता बंद केला आणि मुलेही इथलीच वाढवली. १९२१ मध्ये असहकारात तुरुंगात गेला. १९३२ मध्ये कुटुंबासह हिंदू होऊन सत्यानंद झाला. ज्या धर्माच्या सेवेसाठी तो आला तोच अखेरीस सुटला, म्हणून मिशनांना हा दाखला कधीच सोयीचा वाटला नाही.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न राजकीय झाला. बुलढाणा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. त्या सरकारने १९५४ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि धर्मांतर हाच मुख्य हेतू असलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावे अशी शिफारस तिने १९५६ च्या अहवालात केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. पुढे व्हिसाचे नियम आवळत गेले आणि परदेशी कुटुंबे ओसरली. कामाचा भार मराठी पाळकांवर आला. तो त्यांच्यावर आधीपासूनच होता. फरक इतकाच की आता बंगल्यात दुसरे कोणी नव्हते. हे पाळक आणि शिक्षकही बायकोमुलांसह परगावी नेमणुकीवर जात, गोऱ्या सहकाऱ्यापेक्षा पुष्कळ कमी वेतनावर. त्यांच्या मुलांसाठी थंड हवेची शाळा नव्हती, मायदेशीची सुटी नव्हती, आणि गावातल्या कोणत्या विहिरीवर घागर लावायची हे त्यांना जातीवरूनच सांगितले जाई. स्थानिक जीवनाशी समरस कसे व्हावे यावर मिशनांनी जे पुष्कळ लिहिले, ते परत जाऊ शकणाऱ्यांनी परत जाऊ शकणाऱ्यांसाठी लिहिलेले आहे. या दुसऱ्या कुटुंबाचा त्याग त्यात सहसा मोजलेला नाही.