जीव कुणाचा स्वस्त?

ब्रेक निकामी झालेली, चालकाशिवाय धावणारी गाडी. सरळ गेली तर रस्ता ओलांडणारी आजी जाणार, वळली तर लहान मूल. कुणाला वाचवायचं? अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०१६ साली असे प्रसंग चित्रांतून जगभरच्या लोकांपुढे ठेवले. प्रयोगाचं नाव ‘मॉरल मशीन’. त्या चित्रांत डॉक्टर होते, बेघर माणूस होता, गुन्हेगार होता, कुत्री-मांजरंही होती. जवळपास चार कोटी निर्णय जमा झाले. एकूण कल म्हाताऱ्यांपेक्षा तरुणांना वाचवण्याकडे दिसला. जपान, तैवानकडे मात्र तो बराच सौम्य होता.

मग यंत्राला शिकवायचं ते हेच का? बेघर माणसाला मतं कमी पडली, म्हणून त्याचा जीव स्वस्त होत नाही. यंत्र आपल्या निवडी हुबेहूब उचलेल, त्यांच्यासोबत आपले पूर्वग्रहही. पण ज्याच्या हातून कुणाचा जीव गेला, त्याची झोप उडते, गेलेल्याच्या घरच्यांसमोर उभं राहताना पाय लटपटतात. ते ओझं यंत्राला कसं शिकवणार?

जर्मनीच्या सरकारी नैतिकता आयोगानं २०१७ मध्ये ठाम सांगितलं की अपघात अटळ असला तरी वय, लिंग, शरीराची अवस्था पाहून माणसांत निवड करायची नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. २०२१च्या तिथल्या कायद्यानं चालकविरहित गाड्यांना हेच बंधन घातलं. शिवाय अशा गाडीवर दुरून लक्ष ठेवायला आणि वेळ पडली तर ती थांबवायला एक हाडामांसाचा माणूस नेमणं सक्तीचं केलं.