दीड महिन्याचा डोस, पण कोणाला?

बाळ चार किलोचं झालं की प्रसूतिगृहात पेढे लवकर संपतात. आजी भेटेल त्याला वजन सांगत सुटते. तेवढ्यात सिस्टर येऊन त्याच गुटगुटीत बाळाच्या टाचेला सुई टोचते आणि रक्ताचा थेंब पट्टीवर घेते. एवढ्या धडधाकट पोराला हा कसला छळ, असं घरच्यांना वाटतं.

आईला गरोदरपणात 'शुगर' निघालेली असते, म्हणून हे करावं लागतं. वारेतल्या संप्रेरकांमुळे आईचं इन्सुलिन नीट काम करेनासं होतं. बहुतेकींचं शरीर जास्त इन्सुलिन बनवून निभावून नेतं. काहींना ते जमत नाही आणि साखर चढते. ही साखर वार ओलांडून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन मात्र अलीकडेच राहतं. मग पोटातलं बाळच स्वतःचं इन्सुलिन भरमसाट बनवू लागतं आणि जादा साखर चरबी होऊन त्याच्या खांद्यांवर, पोटावर चढते. कोपनहेगनच्या योर्गेन पेडरसन यांनी १९५० च्या दशकात हा उलगडा मांडला. नाळ कापली की आईकडची साखर थांबते, बाळाचं इन्सुलिन काही लगेच थांबत नाही. बाळाची साखर झपाट्याने उतरते. ते मलूल पडतं, थरथरतं, क्वचित झटकेही येतात. म्हणून ती टाचेची सुई आणि जन्मल्यापासून तासाभरात अंगावर पाजण्याची घाई. बाळंतपणात खांदे अडकण्याची भीती, वाढलेला रक्तदाब, सिझेरियन हे सगळं त्याआधीचं.

'गोड फार खाल्लंस' हा ठपका तेवढा कोणी ठेवू नये. डोहाळजेवणाच्या एका ताटाने हा आजार होत नाही. वय, आधीचं वजन, आई-वडिलांचा मधुमेह या गोष्टी त्या ताटाच्या कितीतरी आधीच्या असतात. निदान झाल्यावर मात्र पथ्य आणि चालणं कामाला येतं, नाहीच भागलं तर गोळ्या किंवा इन्सुलिन.

निदान आपल्याकडे सोपं झालं, त्याचं मोठं श्रेय चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांना. लांबून येणाऱ्या गरोदर बाईला 'उद्या उपाशी या' म्हटलं तर ती येईलच असं नाही, हे त्यांनी ओळखलं. त्यांच्या पद्धतीत जेवून आलं तरी चालतं. ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी प्यायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं. आकडा १४० किंवा त्याहून वर गेला की गरोदरपणातला मधुमेह. सरकारी दवाखान्यांसाठीही हीच पद्धत ठरलेली आहे: पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा.

खरी गफलत होते ती नंतर. वार पडली की बहुतेकींची साखर लवकरच ताळ्यावर येते. 'गेली एकदाची शुगर' म्हणून फाइल कपाटात जाते आणि डिंकाचे लाडू बाहेर येतात. पण अशा बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा निदान सातपट असतो. बाळालाही मोठेपणी लठ्ठपणा आणि मधुमेहाचा धोका जास्त. म्हणून सहा आठवड्यांनी आईची साखर पुन्हा तपासायची असते, आणि नेमकी तीच तपासणी राहून जाते.

याला निष्काळजीपणा म्हणवत नाही. बाळ हातात आलं की घरातल्या सगळ्यांच्या नजरा तिकडे वळतात, आईच्यासुद्धा. गंमत अशी, की सहाव्या आठवड्यात ती दवाखान्यात जातच असते. बाळाचा दीड महिन्याचा डोस तेव्हाच असतो. तारीख कार्डावर असते, आशाताई आठवण करतात, घरातलं कोणीतरी सोबत जातं. रांगेत बाळ मांडीवर घेऊन बसलेल्या त्या बाईला 'तुझी शुगर केली का गं?' एवढंच कोणी विचारत नाही.

तर तुमच्या घरात अशी बाळंतीण असेल, तर त्याच आठवड्यात तिचीही तपासणी उरकून घ्या. ही मात्र उपाशीपोटी असते, तेव्हा सकाळी लवकर निघा. ग्लुकोज प्यायल्यावरचे दोन तास बाळ आजीने नाहीतर बापाने सांभाळावं. रक्त देऊन झालं की तिला लगेच खाता येईल असा डबाही सोबत घ्या. आणि पुढे दर वर्षी ही तपासणी चुकवू नका.