शंकासमाधान : गाणं आवडतं, गाणारा नाही

शंका : आमचं घर शिरपूर जैनला, मी शिकायला पुण्यात. कान्ये वेस्ट या अमेरिकी रॅपरची गाणी मी शाळेपासून ऐकतो. 2005 साली त्यानं आईवर केलेलं ‘हे मामा’ लागलं की घर आठवतं. पण 2022 मध्ये याच माणसानं ज्यूंविरुद्ध गरळ ओकली, हिटलरची तारीफ केली. 2025 मध्ये तर हिटलरचा जयजयकार करणारं गाणंच काढलं. पर्युषणात घरी आलो तर बहीण म्हणाली, “तोंडात अहिंसा आणि कानात हा?” त्याचं गाणं ऐकलं की त्याच्या विचारांची अनुमोदना होते का?
— एक वाचक, शिरपूर जैन

समाधान : बहिणीचं म्हणणं रास्त आहे, म्हणून एक पळवाट आधीच बंद करतो. तत्त्वार्थसूत्र दिगंबर-श्वेतांबर दोघांनाही मान्य. त्यात गुणीजनांविषयी प्रमोदभावना ठेवावी असं सांगितलंय, तेव्हा कलावंताच्या गुणावर खूश व्हायला हरकत नाही, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. तिथले गुण ज्ञानाचे, चारित्र्याचे. ताल जमण्याचे नव्हेत. गाण्याचा आनंद हा भोग आहे. श्रावकाला भोग वर्ज्य नाही, त्याला परिमाण आहे. एवढं कबूल केलं की गाणाऱ्याला थोर ठरवायची गरजच उरत नाही.

आता अनुमोदना. पाप तीन वाटांनी लागतं : स्वतः करून, दुसऱ्याकडून करवून आणि केलेल्याला मान डोलावून. आईवरचं गाणं ऐकताना तुम्ही मायेला मान डोलावता, द्वेषाला नाही. 2025 चं ते गाणं मात्र ‘बीट भारी आहे’ म्हणून ऐकलंत तर ती अनुमोदनाच. तिथे चाल आणि विष वेगळं काढता येत नाही. मित्रांना पाठवलंत तर प्रसारातही तुमचा हात लागला.

पैशाचं म्हणाल तर माणूस हयात आहे. त्याच्या कार्यक्रमाचं तिकीट मी काढणार नाही, त्याच्या नावाचे बूट घेणार नाही. ते बूट काढणाऱ्या आदिदासनंही ऑक्टोबर 2022 मध्ये त्याच्या ज्यूद्वेषामुळेच त्याच्याशी नातं तोडलं.

याहून अवघड भाग आहे तो आजूबाजूला ऐकणाऱ्यांचा. एक उदाहरण देतो. संगीतकार वाग्नर उघड ज्यूद्वेष्टा होता. 1850 मध्ये त्यानं तसा लेखच लिहिला. आज इस्रायल फिलहार्मोनिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाद्यवृंदानं 1938 पासून त्याचं संगीत वाजवणं बंद केलं. 1981 मध्ये, त्याच वाद्यवृंदाचे संचालक, मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी तेल अवीवला मुख्य कार्यक्रम संपल्यावर जाहीर केलं की आता वाग्नर वाजवणार, ज्यांना नको त्यांनी खुशाल जावं. सभागृहातच काम करणारा, नाझींच्या तावडीतून वाचलेला एक माणूस मंचावर आला आणि सदरा उघडून पोटावरचे वण दाखवू लागला. मेहतांचा हेतू शुद्ध होता, वाग्नर मरून शतक होत आलं होतं, त्याला दमडीही मिळणार नव्हती. तरी त्या वणांपुढे कलेचा सगळा युक्तिवाद मला तोकडा वाटतो. म्हणून हेडफोनवर ऐका. स्पीकर लावायचा तर खोलीत कोण आहे ते आधी बघा.

कान्येचा तिरस्कार मात्र करू नका. द्वेषानं काय होतं ते आपल्या गावाला सांगायला नको. तिथल्या अंतरिक्ष पार्श्वनाथांवर दिगंबर-श्वेतांबर दोन्ही पंथांची श्रद्धा, तरी त्यांच्यातल्या वादापायी 1981 ते 2023 मंदिराला कुलूप राहिलं. कान्येनं स्वतःच्या मानसिक आजाराबद्दल उघड सांगितलंय. ज्या आईवर ते गाणं आहे, ती 2007 मध्ये गेली. आजारानं त्याचे शब्द धुतले जात नाहीत, पण कारुण्याला जागा उरते. आणि जो ऐकतच नाही त्याच्याविषयी, तत्त्वार्थसूत्र सांगतं तसं, माध्यस्थ्य म्हणजे तटस्थभाव ठेवावा.

पुढच्या पर्युषणात त्याची गाणी सोडायचा नियम घ्यावासा वाटला तर जरूर घ्या. पण तो स्वतःच्या भोगाला आळा म्हणून घ्या, त्याला शिक्षा म्हणून नको.