मसला कळला, आता तपासणीही करावी



हजरत फातिमा बिन्ते अबी हुबैश (रजि.) यांना पाळीखेरीजही रक्त जात असे. नमाज सोडावी काय, असे त्यांनी स्वतः प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले. हे पाळीचे रक्त नव्हे, शिरेचे आहे, असे सांगून प्रेषितांनी नमाज चालू ठेवण्याचा मार्ग दाखविला. यालाच शरिअतमध्ये इस्तिहाजा म्हणतात.

हा मसला आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांना ठाऊक असतो. पाळी कायमची थांबल्यावर रक्त दिसले तर त्या वुजू करून नमाज अदा करतात आणि विषय मिटला असे समजतात. परंतु शरिअतने येथे नमाजेचा हुकूम सांगितला आहे. रक्ताचे कारण शोधू नका, असे म्हटलेले नाही. असे रक्त, दोन पाळ्यांमधील वा पतिपत्नीच्या संबंधानंतरचे रक्त, दुर्गंधीयुक्त स्राव ही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची खूण असू शकते. भारतीय स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाखालोखाल हाच आढळतो.

खूण दिसेपर्यंत रोग पुष्कळदा पुढे गेलेला असतो. त्याआधीची अनेक वर्षे मात्र तो मूक असतो. त्या काळात बिघाड सापडला, तर लहानशा उपचाराने तो नष्ट करता येतो. म्हणून तपासणी निरोगी असतानाच करावयाची असते. शासनाच्या कार्यक्रमात तिशीनंतर दर पाच वर्षांनी ती सांगितली आहे.

याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांत १९९९ पासून १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. ज्या गटाला एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदाच देऊ केली, त्यात या रोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत प्रशिक्षित स्त्रियांनी गर्भाशयमुखावर सौम्य ॲसिटिक ॲसिड, म्हणजे सिरक्यातील आम्ल, लावून पाहणी केली. तेथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. प्रेषितांनी ज्या सिरक्याला उत्तम कालवण म्हटले, त्यातीलच हे आम्ल.

भगिनींनो, हया ईमानचा भाग आहे. पण धर्म जाणून घेताना लज्जेने अन्सारी स्त्रियांना अडविले नाही, म्हणून हजरत आयशा (रजि.) यांनी त्यांची प्रशंसा केली. गरजेपुरता पडदा दूर करण्यास फुकहांनी उपचारासाठी मुभा दिली आहे. स्त्री डॉक्टर वा परिचारिका मागावी. तो आपला हक्क आहे.

बंधूंनो, एचपीव्ही हा अत्यंत सामान्य विषाणू आहे. तो पतीकडूनही येतो आणि वर्षानुवर्षे सुप्त राहतो. तपासणीत तो आढळला म्हणून पत्नीच्या चारित्र्यावर संशय घेणे हा निराधार आरोप ठरेल, आणि निराधार संशय कुरआनने निषिद्ध ठरविला आहे. पत्नी तुमच्याकडे अमानत आहे. कापूस वेचणीचा हंगाम संपेपर्यंत थांबू नका. यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो वा तालुक्याचे रुग्णालय, आशाताईकडे चौकशी करून एक दिवस काढा. मजुरी बुडेल, ती पुन्हा मिळेल. मुलांना आई पुन्हा मिळत नाही.

अल्लाह आपल्या माता-भगिनींना आरोग्य देवो आणि आपणांस त्यांचे हक्क अदा करण्याची तौफीक देवो. आमीन.