उत्तर न देण्यातील दया

मंत्रचळ हा शब्द आपण इतक्या सैलपणे वापरतो की, त्यामागील यातना झाकूनच जाते. भांडी चारदा विसळणाऱ्या काकूंना मंत्रचळ लागला म्हणून घरोघर हसणे होते. वस्तुतः ज्याला हा विकार जडला आहे त्याला धुण्यात सुख नसते. हात स्वच्छ आहेत हे त्याला बहुधा कळत असते. तरीही ‘नसले तर?’ ही शंका त्याला नळापाशी ओढून नेते. कोणाला कुलूप छळते, कोणाच्या मनात देवापुढे हात जोडताच अभद्र शब्द उमटतात, तर एखादी माता आपल्या हातून बाळाला इजा होईल या भयाने विळीजवळ जात नाही.

असल्या विचारांचे पाप माणसास लागते काय? आमच्या मते मुळीच नाही. रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ सालीच दाखवून दिले की, असे नकोसे विचार निरोगी माणसांच्याही मनात येतात. निरोगी माणूस ते जाऊ देतो. रोगी स्वतःवर खटला भरतो. त्या मातेची सद्सद्विवेकबुद्धी मेलेली नसते, उलट ती क्षणभरही झोपत नाही.

दुसरा प्रश्न अधिक बिकट आहे, आणि तो रोग्याहून त्याच्या घरच्यांना पडतो. आम्हां सरकारी नोकरांचा जन्म तपासण्यात जातो. पण फायलीवर सही झाली की तपासणी संपते. येथे ती सही कधीच होत नाही. २००३ साली व्हॅन डेन हाउट आणि किंट या डच संशोधकांनी निरोगी माणसांकडून संगणकाच्या पडद्यावरील गॅसची शेगडी पुनःपुन्हा तपासून घेतली. त्यांची स्मृती चुकली नाही, परंतु स्मृतीवरील त्यांचा विश्वास मात्र ढासळला. तपासल्याने शंका फिटत नाही, ती वाढते.

म्हणूनच उपचाराची दिशा उलटी आहे. व्हिक्टर मायर यांनी १९६६ साली लंडनहून दोन रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. ज्याची धास्ती त्याच्यासमोर रोग्याला न्यायचे आणि नंतरचे धुणे-तपासणे होऊ द्यायचे नाही, अशी ती पद्धत. आज हे पायरीपायरीने, रोग्याच्या संमतीने केले जाते. फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन यांसारखी औषधेही उपयोगी पडतात. मात्र त्यांचा गुण कळण्यास दहा-बारा आठवडे धीर धरावा लागतो. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत या विकारासाठी स्वतंत्र चिकित्सालय आहे.

आता घरात काय घडते ते पाहा. बदलीवर परप्रांती आलेल्या आपल्या बिऱ्हाडांत वडीलधारे नसतात. विचारायला माणूस एकच. ‘अगं, गॅस बंद आहे ना?’ या प्रश्नाला पत्नीने पन्नासाव्यांदा ‘हो’ म्हणणे हे सत्यच असते, आणि प्रेमही. पण तेही तपासणेच, फक्त दुसऱ्याच्या डोळ्यांनी केलेले. मग उत्तर नाकारावे काय? येथे पुष्कळ जण घाई करतात. वैद्याने सांगितले म्हणून एके दिवशी अचानक तोंड फिरवणे ही आम्हांस चिकित्सा वाटत नाही, ती शिक्षा वाटते. तळमळणाऱ्या माणसाला उत्तर न देण्याचा अधिकार पतिपत्नीच्या नात्याने आपोआप मिळत नाही. तो रोग्यानेच, मन शांत असताना, आपल्या हाताने द्यावा लागतो. आणि किती प्रश्नांपासून आरंभ करायचा हेही त्यानेच ठरवावे.

असे आधी ठरले असेल, तर ती म्हणू शकेल, “अहो, हे मी सांगायचं नाही असं तुम्हीच ठरवलंत ना? बसा. मीही इथंच बसते.” मग दोघांनी, स्वयंपाकघराकडे न जाता, ती घालमेल ओसरेपर्यंत बसून राहावे. पहिल्या दिवशी तिला फार वेळ लागेल.