शरण आलेला ससा



लीळाचरित्रातील ससा-रक्षणाची लीळा आपणा सर्वांच्या नित्य श्रवणातील आहे. पारध्यांच्या कुत्र्यांनी पाठलाग केलेला एक ससा धावत येऊन सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या मांडीखाली दडला. कुत्रे थबकले. मागून पारधी आले आणि ससा सोडावा अशी विनंती करू लागले. त्यावर त्यांची होड लागलेली होती. शरणागताला मरणाच्या स्वाधीन करण्यास स्वामींनी नकार दिला. परंतु ते तेवढ्यावर थांबले नाहीत. कोणाचेही काही न घेता रानात राहणाऱ्या या निरपराध जीवांना मारण्यात काय मिळवता, हे त्यांनी पारध्यांना समजावले. पारध्यांनी हिंसा सोडली, तेव्हा स्वामींनी सशाला मोकळे केले.

या लीळेचे निरूपण करताना आपण बहुधा शरणागताच्या रक्षणापाशी थांबतो. एका सद्भक्ताच्या प्रश्नामुळे मला तिचा पुन्हा विचार करावा लागला. हा उपदेशी मनुष्य औषधनिर्मितीच्या एका संस्थेत प्राण्यांच्या विभागात नोकरीस आहे. गेल्या चातुर्मासात तो आश्रमात आला आणि एकांत मिळताच म्हणाला, "बाबा, मी पंधरा वर्षे उंदरांना सर्पविष टोचतो. किती जगले, किती मेले, ते वहीत लिहितो. सायंकाळी त्याच हातात गाठी घेऊन स्मरणाला बसतो. माझे स्मरण पोचते काय?"

त्या दिवशी मी त्याला उत्तर दिले नाही. कारण त्याने प्रश्न विचारला तेव्हा अंगण झाडीत असलेला आमचा तरुण भिक्षुक मला समोर दिसत होता. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात जमिनीवर निजला असता त्याला मण्यार चावला. मण्याराचा दंश दुखत नाही, सूजही येत नाही. पहाटे त्याच्या पापण्या मिटू लागल्या, शब्द अडखळू लागले, तेव्हा आम्हाला कळले. तालुक्याच्या रुग्णालयात त्याला सर्पदंशावरील लसीच्या दहा कुप्या दिल्या आणि दोन दिवस यंत्राने श्वास चालविला. तो वाचला. त्या कुप्या कशापासून होतात, हे त्या वेळी आमच्यापैकी कोणीही विचारले नाही. मीही नाही.

त्या अशा होतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष अल्प मात्रेपासून वाढवीत वाढवीत घोड्याला टोचले जाते. त्याच्या रक्तात विषाला निष्प्रभ करणारे द्रव्य निपजते; मग मानेच्या शिरेतून रक्त काढून ते वेगळे करतात. लस खरी उतरली की नाही हे ठरविण्यासाठी विष व लस यांचे मिश्रण उंदरांना टोचून त्यातले किती मरतात ते मोजतात. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लक्ष माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य खेड्यातील, शेतात राबणारी होती. म्हणजे आपले वऱ्हाडातले, मराठवाड्यातले, खानदेशातले सद्भक्त ज्या वर्गात मोडतात, त्याच वर्गातली.

आता शास्त्राकडे वळू. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य होत. त्यांतील जीव हा मनुष्यदेहात असो, घोड्याच्या असो की उंदराच्या, अनादि अविद्येने बद्ध असा एकच पदार्थ आहे. म्हणूनच आपल्या आचारात हिंसेची मर्यादा मुंगीपर्यंत नेऊन ठेवली आहे.

येथे कोणी शंका घेतील की, पशुदेह ही भोगयोनी आहे. उंदीर आपले पूर्वकर्म भोगतो, त्यात टोचणाऱ्याचा दोष कोणता? समाधान असे की, भोग त्याचा हे खरे. परंतु त्या भोगाला निमित्त होण्याचे कर्म आपले स्वतःचे असते. असे नसते तर पारध्यांना समजावण्याचे प्रयोजनच उरले नसते.

दुसरी शंका अधिक सोयीची आहे, आणि म्हणून अधिक धोक्याची. उंदीर मारणारा तो नोकर, आम्ही केवळ औषध घेणारे, असे म्हणून आपण सुटू पाहतो. करणारा, करविणारा आणि संमती देणारा या तिघांनाही कर्म लागते, हे आपण प्रवचनात सांगतो आणि रुग्णालयाच्या दारात विसरतो. त्या कुप्या ज्याच्या अंगात गेल्या तो भिक्षुक, त्याला उचलून नेणारे आम्ही, आणि तो वाचला म्हणून आनंदाने पंगत घालणारे गावकरी, असे सर्वजण त्या सद्भक्ताच्या वहीत भागीदार आहोत. त्याने निदान प्रश्न तरी विचारला.

मग सर्व प्रयोग सारखेच काय? तसे मी म्हणणार नाही. १९४४ साली अमेरिकेत ड्रेझ नावाच्या शास्त्रज्ञाने एक चाचणी रूढ केली. सशाच्या एका डोळ्यात परीक्षेचा पदार्थ घालावयाचा, दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवावयाचा, आणि पहिला किती लाल झाला, किती झाकोळला, याचे गुण मांडावयाचे. ससाच का? तो शांत प्राणी आहे, आणि त्याच्या डोळ्याला पाणी कमी सुटते, त्यामुळे घातलेला पदार्थ सहज धुवून जात नाही. केस धुण्याची आणि तोंडाला लावण्याची द्रव्ये कित्येक वर्षे अशी तपासली गेली. ज्याला पुरेसे अश्रूही नाहीत, त्याला त्याच कारणासाठी निवडले! यात कोणाचा प्राण वाचत नव्हता. पारध्यांची होड आणि ही होड यांत मला भेद दिसत नाही. २०१४ साली भारताने सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी आणि तशा चाचणीतून आलेल्या परदेशी प्रसाधनांची आयात, दोन्ही बंद केल्या, हे उत्तम झाले.

लसीचा प्रश्न मात्र निराळा आहे. तेथे एका बाजूला श्वास कोंडलेला मनुष्य आहे. मनुष्यदेह हाच ज्ञानाचा अधिकारी असल्याने त्याचे रक्षण व्हावे, हे मला मान्य आहे. पण गरज होती म्हणून हिंसेची अहिंसा होत नाही. शंभर वाचले म्हणून दहा उंदरांचा जमाखर्च मिटत नाही. दोष दोष म्हणून मान्य केला, तरच तो कमी करण्याची बुद्धी राहते. जिवंत प्राण्यावाचून काम भागत असेल तर प्रयोग करू नये, असे आपला १९६० चा कायदाही सांगतो. आणि २०२३ साली नव्या औषधांच्या नियमांत प्राण्यांवाचून होणाऱ्या चाचण्यांनाही मान्यता मिळाली आहे. वाट निघते आहे, पण अद्याप सर्पविषापर्यंत ती पुरती पोचलेली नाही.

तिसऱ्या दिवशी मी त्या सद्भक्ताला बोलावले. नोकरी सोड असे सांगितले नाही; त्याच्या जागी येणारा कदाचित वहीत केवळ आकडे लिहील. स्वामींनी पारध्यांनाही हाकलले नव्हते, एवढे सांगितले. मग त्याला विचारले की, तुझ्या कामात सर्वांत वाईट काय? तो म्हणाला, "मोजणी ठराविक तासांनी होते. तोवर जे तडफडतात ते रात्रभर तसेच राहतात. दिवसाही कोणी त्यांच्याकडे पाहत नाही." वाचणार नाही असे निश्चित दिसल्यावर त्या जीवाला वेदनेतून सोडविण्यास नियमाची आडकाठी आहे काय, असे मी विचारले. त्याच्या माहितीप्रमाणे नव्हती. संस्थेच्या नीतिसमितीची संमती मात्र हवी होती. मी म्हणालो, "तर मग त्या समितीपुढे अर्ज कर. आणि स्मरण सोडू नकोस. ते पोचते की नाही हे ठरविणारा मी कोण?"

माघ महिन्यात त्याचे पत्र आले. समितीने अर्ज विचारार्थ घेतला आहे, निर्णय अद्याप व्हावयाचा आहे. तोवर पाळी संपली तरी रात्री अकराला आपण पुन्हा एकदा पिंजऱ्यांकडे जाऊन येतो, असे त्याने लिहिले आहे.