निवळी

आमच्या झाडीपट्टीत निवळी नावाचं झाड आहे. पावसाळ्यात नाल्याचं गढूळ पाणी आणलं, की निवळीची बी मडक्याच्या आतल्या अंगाला घासायची, पाणी भरायचं आणि ठेवून द्यायचं. गाळ हळूहळू बुडाशी बसतो. बी तिचं काम करते, पण अर्धं काम मडक्याला हात न लावण्याचं असते. कुणी ढवळलं की पुन्हा सारं एकच.

दारूचंही तसंच आहे. मध आणि पाणी आंबवून जी दारू होते, तिला इंग्रजीत मीड म्हणतात. आपला मधु आणि त्यांचं मीड, दोन्ही शब्द एकाच मुळाचे. पुण्यात आता परवाना घेऊन ती बनवतात. ताजी मीड गढूळ असते, घशाला झोंबते. करणारा वरची नितळ तेवढी नळीने दुसऱ्या भांड्यात काढतो, गाळ मागे सोडतो आणि थंड, अंधाऱ्या जागी महिनोन्‌महिने ठेवतो. मग झोंबणं कमी होते, मधाचा वास वर येतो.

रानातला मध आमच्याकडेही आहे, पण दारू म्हटली की मोहाची. चैत्रात पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. बाया-पोरं टोपल्या घेऊन जातात. फुलं वाळवून घरात ठेवतात. ती भाजून, शिजवून खातातही. दारू व्हायची ती पंडुमसाठी, लग्नासाठी, मयतीसाठी. आधी दोन थेंब भुईवर, देवाचे आणि पूर्वजांचे, मग माणसांचे. फुलं भिजवलेल्या मडक्याभोवती आम्ही पोरं घुटमळायला लागलो की आजी म्हणायची, “हात नोको लावू बाबू. शांत होऊ दे तिले. देवाले कच्ची देतेत का?”

तिच्या मडक्याला तारीख होती. कधी भरायचं, किती भरायचं, कोण पिणार, हे सणच ठरवायचा. ज्याला वाट पाहावी लागते, त्याला रोज पिता येत नाही. वाट पाहण्यातच एक बंधन होतं आणि ते कुण्या सरकारनं घातलेलं नव्हतं.

गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहिलं आणि तारीख गेली. आता गूळ, नवसागर टाकून घाईनं काम उरकायचं. त्यात पकडले जाण्याची धास्ती. नाल्याकाठी पुरलेल्या ड्रमातला सडवा कोण शांत होऊ देणार? जे लपवायचं असते, त्याला वेळ देता येत नाही.

म्हणून दारूबंदी चुकीची, असं मी म्हणणार नाही. ते म्हणणं सोपं आहे, कारण मार मी खाल्लेला नाही. दारू नितळ असो की गढूळ, नवऱ्याचा हात तेवढ्याच जोरानं पडतो. गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे. चंद्रपूरच्या बाया 2010 साली चिमूरहून नागपूरला अधिवेशनावर पायी गेल्या, तेव्हा कुठे 2015 च्या एप्रिलात तिथं बंदी आली. 2021 साली उठलीही. मधे फक्त वैनगंगा. या काठावर दुकान, त्या काठावर गुन्हा.

मग प्रश्न उरतो तो असा : ज्या गोष्टीत आपला देव आहे आणि आपला नासही आहे, तिचं काय करायचं? सारं ओतून द्यायचं, की गाळ वेगळा करायचा? वेगळं करायला धीर लागतो. पण हा धीर आपण कुणाकडून मागतो? रात्री जी मार खाते, तिला “जरा बसू दे, निवळेल” म्हणायचा हक्क कुणालाच नाही. तिच्यासाठी आज मडकं फोडणंच बरोबर. फक्त फोडण्याला निवळणं म्हणू नये. निवळीचं नुसतं नाव घेऊन पाणी निवळत नाही, हा दाखला मनुस्मृतीइतका जुना आहे. कायद्याच्या नावाचंही तेच. त्याला देवाचं मडकं आणि धंद्याचा ड्रम सारखेच दिसतात. परवान्यालाही फरक दिसत नाही. त्याला फक्त महसूल दिसतो.

फरक दिसतो तो गावाला. कुणाच्या घरी पंडुमचं मडकं आहे, कुणाच्या घरी रोजचा धंदा आहे आणि त्यातल्या कुण्या विधवेचं पोट त्याच धंद्यावर आहे, हे गावाला पक्कं ठाऊक असते. 1996 च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला नशेच्या वस्तूंवर बंदी घालण्याचा किंवा त्या आवरण्याचा अधिकार दिला. म्हणजे मडक्याजवळ बसायचं काम गावाकडे आलं. त्या सभेत बाया पुढं बसल्या आणि त्यांचं आधी ऐकलं गेलं, तर गाव फोडेलही आणि राखेलही. त्या मागं बसल्या, तर परंपरेच्या नावानं गाळच वर येईल.

आणि हे एका बैठकीत होत नाही. त्या विधवेला दुसरं काम मिळेपर्यंत सभेला पुन्हा पुन्हा बसावं लागते.